रीतसर हरल्याचा दाखला

गॉर्टरो, कौंटी कॉर्क
१२ मार्च

तक्रार विभाग,
पेनीव्हिसल एक्स्चेंज, डब्लिन

महाशय,

तुमच्या यंत्राशी दोन दिवस बोलून झालं. ते मला दर वेळी विचारतं, तुमचा प्रश्न सुटला का? मी ‘नाही’ म्हटलं की ते म्हणतं, मदत करता आली याचा आम्हाला आनंद आहे. म्हणून शेवटी पेन हातात घेतलं.

तक्रार अशी. गेल्या रविवारी आमच्या रस्त्यावर गोळाफेकीचा सामना झाला. आमचा मॉसी हर्ली विरुद्ध आर्मा कौंटीचा मॅकअ‍ॅनली. तुमच्या पैजांच्या बाजारात मी मॉसीवर एकवीस युरो लावले होते. मॉसीने एकोणीस फेकींत रस्ता पुरा केला, मॅकअ‍ॅनलीने अठरा. तुम्ही मॉसीला विजयी जाहीर केलंत आणि पैसे माझ्या खात्यात टाकून मोकळे झालात.

साहेब, मी हरले आहे. तुमच्या इथे कोणीतरी ज्याचा आकडा मोठा तो जिंकला असं धरलेलं दिसतं. फुटबॉलमध्ये असेल तसं. इथे अडीच मैलांचा रस्ता लोखंडी गोळा फेकत जो कमी फेकींत पार करतो, तो जिंकतो. गॉर्टरोच्या गाईंनासुद्धा हे माहीत आहे.

तेव्हा हे पैसे घ्या आणि ज्याचे आहेत त्याला द्या. नाताळात तुम्ही दलाली वाढवलीत, पान इतकं रंगीबेरंगी केलंत की बटण शोधायला चष्मा बदलावा लागतो, आणि जरा कोणी जिंकायला लागला की त्याच्या खात्याला वेसण घालता. या सगळ्याबद्दलही मला बोलायचं आहे, पण ते सवडीने. आधी हे.

गॉबनिट लूसी


डब्लिन
२० मार्च

प्रिय गॉबनिट,

पेनीव्हिसलवर विजय मिळवल्याबद्दल आपलं मनःपूर्वक अभिनंदन!

आपली तक्रार ‘जिंकलेली रक्कम मिळाली नाही’ या गटात नोंदवण्यात आली आहे. आमच्या नोंदीनुसार रक्कम आपल्या खात्यात जमा झालेली असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. जाहीर झालेला निकाल बहात्तर तासांनंतर बदलता येत नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आपला नम्र,
पेनीव्हिसल परिवार
(करिता: अ. प्रन्टी)


गॉर्टरो
२३ मार्च

श्री. किंवा श्रीमती प्रन्टी,

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. मी पैसे मिळाले म्हणून रडते आहे आणि तुम्ही मिळाले म्हणून माझे डोळे पुसता आहात.

सोप्या भाषेत सांगते. पैज दोघांची असते. मी मॉसीवर लावले, तेव्हा समोरच्या कोणीतरी मॉसीविरुद्ध लावले. तो माणूस बरोबर होता. त्याचे पैसे माझ्याकडे आले. तो मला आता काय म्हणत असेल? आमच्याकडे अशा बाईला एक शब्द आहे आणि तो मी माझ्या नावापुढे कधी ऐकलेला नाही.

मला दोनच गोष्टी हव्यात. एक, पैसे त्याला पोचवा. दोन, मला लेखी द्या की मी हरले.

आणि तुमचा ‘परिवार’ जेवायला एकत्र बसतो का, तेही कळवा.

गॉबनिट लूसी (वय ७४, ‘प्रिय गॉबनिट’ म्हणायला आपली ओळख नाही)


डब्लिन
९ एप्रिल

श्रीमती लूसी यांस,

मी श्री. आहे. अल्टन प्रन्टी. परिवार एकत्र जेवत नाही. मी माझं सँडविच कामाच्या टेबलावर खातो.

तुमचं दुसरं पत्र मी यंत्राला न देता स्वतः वाचलं आणि मग पहिलंही वाचलं. निकाल लावणारा विभाग दुसऱ्या देशात बसतो. तिथला मुलगा हुशार आहे, पण त्याने गोळाफेक पाहिलेली नाही. चूक झाली आहे, हे मी मान्य करतो. ती सुधारता येत नाही, हेही खरं आहे.

आता वाईट बातमी. तुमच्या तक्रारीमुळे त्या पानाची तपासणी झाली. गेली तीन वर्षं तिथे बहुतेक रविवारी दोनच खाती असायची, असं वरिष्ठांच्या लक्षात आलं. एक तुमचं आणि एक समोरच्याचं. दोन माणसांसाठी पान चालवणं परवडत नाही, म्हणून गोळाफेकीचं पान एक तारखेपासून बंद झालं आहे.

याचं मला वाईट वाटतं. हे वाक्य आमच्या नमुन्यात नाही.

अल्टन प्रन्टी


गॉर्टरो
१२ एप्रिल

श्री. प्रन्टी,

हात दाखवून अवलक्षण केलं मी. बैल बरा करा म्हणून डॉक्टर बोलवावा आणि त्याने गोठाच पाडावा, असं झालं.

तुमचं वय काय? आवाजावरून म्हणजे अक्षरावरून तीसच्या आत वाटता. तर ऐक. तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना?

माझे वडील या रस्त्यावर पैजा धरायचे. म्हणजे दोन माणसं, बऱ्याचदा एकमेकांना अनोळखी, भर रस्त्यात ओरडून पैज लावत आणि दोघांचे पैसे बाबांच्या टोपीत पडत. कागद नाही, पावती नाही. सामना संपला की बाबा ज्याचे त्याला देत. जिंकणारा त्यातलं एक नाणं काढून हरलेल्याच्या हातावर ठेवी. नशिबाचं नाणं. ढोरांच्या बाजारात विकणारा घेणाऱ्याला देतो तसंच. हरलेला माणूस अगदी रिकाम्या हाताने घरी जाऊ नये आणि पुढच्या रविवारी परत यावा, एवढाच त्याचा अर्थ. एकदा एका पाहुण्याने नाणं दिलं नाही. त्याला काही कोणी बोललं नाही, पण त्याच्याशी पुन्हा पैजही कोणी लावली नाही.

मी टोपीजवळ उभी राहून मोठी झाले. पुढे लग्न झालं, दूध गोळा करायची गाडी चालवली, नवरा गेला, पण रविवारी मॉसीच्या बापामागे आणि नंतर मॉसीमागे अडीच मैल चालणं चुकवलं नाही. मग कंबरेचं हाड बदललं. ते बदलून आलं, पण चाल काही आली नाही. डोंगरउतारावर गर्दीबरोबर चालणं जमेना, आणि गर्दीच्या पुढे उभं राहिलं तर गोळा पायावर.

भाचीने, शीलाने, टॅब्लेट आणून दिला आणि तुमचं पान उघडून दिलं. सामना त्यावर दिसायचा आणि शेजारी पैज लावता यायची. पहिल्याच रविवारी मी मॉसीवर वीस लावले, तर समोरून एकवीस आले. वीस नाही, पंचवीस नाही, एकवीस. मी एक वाढवला. तेव्हापासून दर रविवारी, सकाळची प्रार्थना संपून चहा उकळेपर्यंत, तो तिथे हजर. मी आमच्या पोराच्या बाजूने, तो नेहमी विरुद्ध. नाव नाही, गाव नाही. आर्माकडचा असणार, एवढं मी धरून चालले होते, कारण कॉर्कचा माणूस असा उलट्या काळजाचा नसतो.

हसशील, पण तो माझा रविवार होता. ‘आला बघ मेला’ असं मी मोठ्याने म्हणायचे आणि मांजर वर बघायची. त्या चुकीनंतर पान चालू होतं तेवढे रविवार मी त्याच्यासमोर गेले नाही. चोरीचा माल घरात असताना कुठल्या तोंडाने जाणार? आणि आता तर पानच गेलं. तो जन्मभर असंच समजणार की बाई चूक होताच पैसे घेऊन पसार झाली.

पैसे गेले चुलीत. माझ्या बापाच्या नावाला बट्टा लागलाय तो काढ.

गॉबनिट लूसी


डब्लिन
२ मे

गॉबनिटबाई,

तू चालेल. वय एकोणतीस.

मी तीन विभागांत विचारलं. समोरचा खातेदार कोण, हे मला संगणकावर दिसतं. ते तुम्हाला सांगितलं तर त्याच दिवशी माझी नोकरी जाते, आणि मला वाटतं तसं व्हायलाही हवं. त्याच्याबद्दल मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. त्याच सामन्याबद्दल आमच्याकडे आणखी एखादं पत्र आलं आहे की नाही, हेही सांगू शकत नाही.

पैसे परत घेण्याचीही सोय सापडली नाही. हिशेब विभागाने विचारलं, परत म्हणजे? असं आजवर कोणी मागितलेलं नाही.

तुमच्या टोपीची गोष्ट मी जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचली. माझे वडील लाँगफर्डला गाई विकायचे. नशिबाचं नाणं मी पाहिलेलं आहे.

अल्टन


गॉर्टरो
६ मे

अल्टन,

म्हणजे पत्र आलं. मी म्हातारी आहे, बुद्दू नाही. त्याने लिहिलं आणि मला चोर म्हटलं, आणि तू भला मुलगा म्हणून ते झाकतो आहेस.

त्याचं काही चुकलं नाही. मी त्याच्या जागी असते तर याहून वाईट लिहिलं असतं.

सोबत पाकिटात वीसच्या दोन नोटा आणि दोन नाणी चिकटवून पाठवते आहे. त्याचे एकवीस, माझे एकवीस. तुला पत्ता सांगायचा नसेल तर नको सांगूस, तूच त्याच्या पत्त्यावर टाक. वर काही लिहू नकोस. शीलाला टॅब्लेट परत देऊन टाकला आहे. ती म्हणाली, मावशी, नवरा गेला तेव्हाही तू इतकी उतरली नव्हतीस. मी म्हटलं, त्याचं मी काही देणं लागत नव्हते.

आता पत्र लिहू नकोस. तुला उगाच त्रास.

गॉबनिट


डब्लिन
१४ मे

गॉबनिटबाई,

लिहू नकोस म्हणालात म्हणून लगेच लिहितो आहे.

पत्र आलं आहे असं मी म्हटलेलं नाही आणि आताही म्हणत नाही. पण समजा, आलं असतं, तर त्यात चोर हा शब्द नसता. पैशांचा उल्लेखही शेवटच्या ओळीत, जाता जाता असता. बाकी सगळ्या पत्रात एकच विचारणा असती. पान बंद होण्याआधीचे सगळे रविवार समोरचं माणूस आलं नाही. आजारी आहे का? एकटं राहत असेल तर कोणी जाऊन पाहिलं का? तुम्ही लोक नाव सांगत नाही, ठीक आहे, पण दार वाजवायला तरी कोणाला पाठवा. असं काहीसं. समजा.

पैसे परत पाठवतो आहे. ते मी त्याच्या पत्त्यावर टाकू शकत नाही, पण त्यांना कोणाच्या हाताने जायचंय ते तुम्हालाही कळतं.

आता नीट वाचा. आमच्या नियमांत एक्केचाळिसावं कलम आहे. एकाच सामन्यावर दोघा खातेदारांच्या तक्रारी असतील, तर त्यांपैकी कोणीही समोरासमोर एकत्र सुनावणी मागू शकतं. दुसऱ्याने होकार दिला तर दोघांना सोयीच्या ठिकाणी ती घ्यावी लागते. कंपनी सुरू झाल्यापासून ते कोणी वापरलेलं नाही. माझ्या वरिष्ठांना ते आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, हे आपण लिहिलंय?

तुम्ही सुनावणी मागा असं मी सांगत नाही. मी फक्त कलमाचा आकडा सांगितला.

अल्टन


गॉर्टरो
१७ मे

तक्रार विभागास,

कलम एक्केचाळीसप्रमाणे मी एकत्र सुनावणी मागते.

ठिकाण: गॉर्टरोचा तिठा, किओहेनच्या दारूगुत्त्यासमोर. वेळ: रविवार ७ जुलै, दुपारी. त्या दिवशी तिथे मॉसीचा सामना आहे. समोरच्याला आर्माहून यायचं तर दूर पडेल, म्हणून त्याला दुपारचं जेवण माझ्याकडून. डुकराचं मांस आणि कोबी. खात नसेल तर उकडलेली अंडी.

अल्टन, टॅब्लेट परत मागून घेतला.

गॉ. लूसी


डब्लिन
१० जून

गॉबनिटबाई,

मंजूर. दुसऱ्या बाजूचा होकार आला आहे. सुनावणीला अधिकारी म्हणून मी येतो आहे. भाडं कंपनी देणार, जेवण नाही.

त्यांनी एवढंच विचारलं आहे की अंडी कडक की मऊ.

अल्टन


डब्लिन
११ जुलै

गॉबनिटबाई,

सुनावणीचा वृत्तान्त सोबत जोडला आहे. वाचून सही करून पाठवा. वरिष्ठांनाही हाच जाणार आहे. कार्यालयीन ठेवायचा प्रयत्न केला, काही ठिकाणी जमलं नाही.

*वृत्तान्त.* सुनावणी रस्त्याच्या कडेला झाली. तक्रारदार क्रमांक एक, श्रीमती लूसी, घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर जेवणाचा डबा. अधिकारी उभे होते, कारण दुसरी खुर्ची नव्हती. गर्दीतून कोणीतरी रस्ता सोडा म्हणून ओरडलं. अधिकाऱ्यांना ते आपल्याला आहे असं वाटलं नाही. गोळा त्यांच्या बुटाजवळून गेला आणि फाइल गटारात पडली. तक्रारदार क्रमांक एक यांनी अधिकाऱ्यांना ‘डब्लिनचं ध्यान’ असं संबोधलं. नोंद घेतली.

त्यानंतर तक्रारदार क्रमांक दोन हजर झाले. ते आर्माहून आलेले नव्हते. ते टेकडीपलीकडून, जुन्या निळ्या गाडीतून आले. नाव डेनिस कॉटर, सगळे त्यांना डिनी म्हणतात, वय ७७. श्रीमती लूसींनी त्यांना ओळखलं. श्री. कॉटर चर्चमध्ये त्यांच्या दोन बाकं पुढे बसतात आणि वीस वर्षं श्रीमती लूसींना त्यांची पाठच दिसत आली आहे.

श्रीमती लूसींनी मांडीवरचा डबा खाली ठेवला. नंतर त्या म्हणाल्या, “तू कॉर्कचा असून आपल्याच पोरांविरुद्ध पैज लावतोस? लाज नाही वाटत?”

श्री. कॉटर यांनी टोपी काढून खुलासा केला. ते म्हणाले की लहानपणापासून कॉर्क हरलं की त्यांना जेवण जात नसे. बायकोने तोड काढून दिली. दर सामन्याला आपल्याविरुद्ध पैज लावायची. कॉर्क जिंकलं तर मन खूश, हरलं तर खिसा खूश. चाळीस वर्षं हे औषध लागू पडलं आहे. बायको गेल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही. “आणि मग दहा मार्चला,” ते अधिकाऱ्यांकडे वळून म्हणाले, “कॉर्कही हरलं आणि माझे पैसेही गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. दोन दिवस जेवलो नाही.”

यावर श्रीमती लूसी हसल्या. इतक्या की खुर्ची धरावी लागली. अधिकारीही हसले.

श्रीमती लूसींनी पाकीट पुढे केलं. श्री. कॉटर म्हणाले, पैशांचं राहू दे, तू कुठे होतीस ते सांग. मला वाटलं, समोरचा माणूस गेला. श्रीमती लूसी म्हणाल्या, लाजेने तोंड लपवून बसले होते. श्री. कॉटर म्हणाले की ते रोज मृत्यूच्या बातम्या पाहत होते, पण नाव माहीत नसल्याने प्रत्येकच नावासाठी प्रार्थना करावी लागे. ते फार वेळखाऊ होतं.

अधिकाऱ्यांनी विचारलं की पैज नेहमी एकवीसचीच का. श्री. कॉटर म्हणाले, ते ऑफिससमोर सांगण्यासारखं नाही.

चारची बस असल्याने अधिकाऱ्यांनी सुनावणी तहकूब केली. दोन्ही बाजूंनी त्यांना अंडी दिली.

अ. प्रन्टी


गॉर्टरो
१५ जुलै

अल्टन,

वृत्तान्तावर सही केली. ‘ध्यान’ राहू दे, खरंच आहे ते.

तू बस पकडायला धावलास आणि तुझ्या मागेच डिनीने हात पुढे केला. मी पाकीट दिलं. त्याने मोजलं नाही. नोटा खिशात टाकल्या, एक नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली. बाबांसमोर माणसं करायची अगदी तसं. “आता हरलीस,” तो म्हणाला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज कसली? मार्चपासून छातीवर धोंडा होता, तो तिथेच उतरला.

मग एकवीसचं कोडं. वीस पैजेचे, आणि वरचा एक नशिबाचा. जिंकलो तर हरलेल्याला परत द्यायचा, म्हणून तो आधीच धरून चालायचा. पण तुमच्या बाजारात परत द्यायची सोयच नाही. दलाली कापायला तुम्हाला बरोबर आठवतं, एक नाणं मागे द्यायला बटण नाही. मग हा पठ्ठ्या काय करायचा? गाडीच्या सीटखालून त्याने जॅमची बरणी काढली. तीन वर्षांत तो जितक्यांदा जिंकला, तितकी नाणी त्यात. माझी. कोणाची ते माहीत नसताना बाजूला ठेवलेली. म्हणाला, “कधीतरी कोणी मागायला येईल म्हणून ठेवली.”

मी विचारलं, आणि मी जिंकायचे तेव्हा? तेव्हाची तुझी नाणी मी काही ठेवली नाहीत रे, त्यांचा मनुकांचा केक आणून खाल्ला. बापाच्या टोपीजवळ वाढलेली मी, आणि मलाच सुचलं नाही. तो म्हणाला, पुढच्या वेळी अर्धा केक माझ्यासाठी आण.

एवढ्यात सामना वळणापाशी गेला. मला वाटलं, झालं, आता उरलेलं कोणाकडून तरी ऐकायचं. डिनीने गाडीचं दार उघडलं. त्याची गाडी कुत्र्यापेक्षा हळू चालते, त्यामुळे गर्दीच्या मागून जायला अगदी बेताची आहे. काच खाली करून मी अख्खा रस्ता मॉसीच्या मागे गेले, अल्टन. गोळा कुठे टेकवायचा ते दाखवणारा गवताचा पुंजका रस्त्यावर ठेवलेला दिसला, गोळा त्याच्यावरून सुटलेला दिसला, आणि डांबरावर गोळा आपटल्याचा तो आवाज, तो टॅब्लेटमध्ये येतच नाही. मॉसी एका फेकीने जिंकला. गाडीतच लावलेली पैज डिनी हरला आणि आनंदाने इतका ओरडला की गाडी बंद पडली.

पुढच्या सामन्याला पैजा धरायला कोणीतरी हवं आहे. आम्ही दोघांनीही तुझंच नाव घेतलं. टोपी बाबांची आहे, धुतली आहे. ऑगस्टच्या अठराला. नियमात बसत नसेल तर तसं कळव, पण ये.

फक्त एक राहिलं. मला लेखी द्यायचं आहेस तू.

गॉबनिट


डब्लिन
२२ जुलै

गॉबनिटबाई,

पान पुन्हा सुरू होणार नाही. वरिष्ठ म्हणाले, दोन माणसांचा बाजार आपल्याला परवडत नाही. मी म्हटलं, तो तसाही आता दुसरीकडे गेला आहे.

नियम पाहिले. पेनीव्हिसलच्या नोकराने पेनीव्हिसलवर पैज लावू नये, एवढंच लिहिलं आहे. टोपीबद्दल काही नाही. अठरा तारखेला सकाळच्या बसने येतो. या वेळी जाड बूट घालून. अंडी कडकच ठेवा.

वृत्तान्त वरती वाचला गेला. त्याच्या बऱ्याच प्रती निघाल्या असं कळतं.

खालचा मजकूर कार्यालयीन आहे, शिक्क्यासह. चौकट करून लावायची असेल तर इथून कापावा.

*पेनीव्हिसल एक्स्चेंज, तक्रार विभाग. अंतिम निकाल.*

*दहा मार्चच्या सामन्याबाबत दोन्ही बाजूंना समक्ष ऐकून घेतल्यावर असं जाहीर करण्यात येतं की गॉर्टरोच्या श्रीमती गॉबनिट लूसी या रीतसर हरलेल्या असून त्यांनी पैज प्रामाणिकपणे चुकती केली आहे.*

*त्यांची तक्रार मान्य.*

अ. प्रन्टी